दगड जागेवर ठेवा

एका जंगलात, ओढ्यावरून काढलेल्या पाटात एक दगड अडकला होता. तो काळा होता की पांढरा, हे मला नीट आठवत नाही. कधी वाटतं काळा, कधी खात्रीने वाटतं पांढरा. मुलांनो, तूर्त तुम्ही नुसता दगड धरून चला. रंगाचं नंतर पाहू.

त्या दगडामुळे पाणी थांबलं आणि शाळेमागचं डबकं आटू लागलं. डबक्यात चिमी बेडकीची धाकटी भावंडं होती. त्यांच्या शेपट्या अजून गळायच्या होत्या. डबकं आटलं तर उडी मारून दुसरीकडे जायला त्यांना पाय नव्हते.

नेमकं त्याच सुमारास शाळेत परिपत्रक आलं. यापुढे शिक्षकांनी उत्तरं सांगायची नाहीत. मुलांपुढे खरीखुरी समस्या ठेवायची. मुलांनी प्रश्न विचारायचे, शोध घ्यायचा, उत्तर आपलं आपण काढायचं. पौर्णिमेला समिती येऊन हे सगळं पाहील.

मुख्याध्यापक सांबरसरांना घाम फुटला. खरी समस्या आणायची कुठून? शाळेत सगळं उत्तम आहे, असे अहवाल त्यांनीच तर पाठवले होते. शेवटी त्यांना डबकं दिसलं. त्यांनी आनंदाने पाठाचं टाचण लिहून काढलं : 'पाणी का आटते?'

चिमी पौर्णिमेपर्यंत थांबली नाही. ती पाटाच्या कडेकडेने उड्या मारत गेली. कोरडं कुठून सुरू होतं ते तिनं पाहिलं. दगड सापडला. वर्गातल्या खेकड्याने खालची माती उकरली, कासवाने पाठ लावली आणि दगड बाजूला घरंगळला.

"सर, सापडलं! पाणी आलं!" चिमी ओरडतच वर्गात शिरली.

सांबरसर मटकन खाली बसले. "अगं, समिती यायचीय अजून! आता मी त्यांना दाखवू काय?"

"पाणी दाखवा की."

"पाणी कोणीही दाखवेल! टाचणात चार गट आहेत, तक्ते आहेत, निरीक्षणं आहेत. ते सगळं तू एकटीनं उरकलंस?"

"एकटीनं नाही, सर. खेकडा आणि कासव पण होते."

"म्हणजे गटकार्यसुद्धा झालं!" सर कळवळले. त्यांनी शिपाई रानडुकराला हाक मारली. "तो दगड होता तिथे नेऊन ठेव. नीट बसव."

डबकं पुन्हा आटू लागलं.

"सर, माझी भावंडं मरतील हो," चिमी म्हणाली.

"पौर्णिमेला तूच शोधून काढ ना कारण. तोवर कळ काढ. आणि चेहरा जरा उत्सुक ठेव."

पौर्णिमेला समिती आली. अध्यक्ष अस्वलबाई होत्या. मुलांनी पाठ करून ठेवलेलं कुतूहल व्यवस्थित दाखवलं. एक गट म्हणाला, पाणी सूर्याने प्यायलं असेल. दुसरा म्हणाला, ते रुसलं असेल. अस्वलबाईंचे डोळे भरून आले.

"अजून कुणाला प्रश्न?"

चिमी उभी राहिली. "बाई, मी काढलेला दगड परत कोणी ठेवला?"

सांबरसर शिंगांनी छत खाजवू लागले.

"बाळ," अस्वलबाई मायेने म्हणाल्या, "ज्याचं उत्तर शिक्षकांना आधीच माहीत असतं, तो प्रश्न या पद्धतीत बसत नाही."

"मग दगड काढू का?"

"उत्तराची घाई नको गं. प्रक्रिया महत्त्वाची." एवढं बोलून त्या पाहुणचारासाठी मांडलेल्या मधाच्या पोळ्यांकडे वळल्या. जाताना त्यांनी शेरा दिला : समस्या अतिशय सुंदर, जतन करावी.

चिमी डबक्याशी गेली. भावंडं तळाच्या चिखलात वळवळत होती. ती खेकड्याला हळूच म्हणाली, "दगडाला हात लावू नकोस. बाजूने उकर. वर पाला टाक."

दुसऱ्या दिवशी सांबरसर भरलेल्या डबक्यापाशी थबकले. दगड तर जागच्या जागी होता.

"मग पाणी कुठून आलं रे?"

"शोध चालू आहे, सर!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

सर धन्य झाले.

तात्पर्य : मुलांनो, प्रश्न खूप विचारावेत. शोधही घ्यावा. उत्तर सापडलं, तर मात्र शाळेत कळू देऊ नये.

आणि हो, रंगाचं राहिलंच. बऱ्याच वर्षांनी मी मुद्दाम तिथे जाऊन नखाने खरवडून पाहिलं. दगड काळाच आहे. समिती यायची असली, की त्याला चुना लावतात. बाजूचा चर ओला होता.