मोहीम उजव्या काखेची

साहेबांची आज्ञा जाहली, की आपले धुलाई कारखान्यात फुटबॉलाची जी धामधूम उडाली, आणि जुना खेळाडू उस्ताद म्हणोन उत्तम ठरतो किंवा न ठरतो याचा जो निवाडा लागला, तो साद्यंत लिहून ठेवणे. आज्ञेप्रमाणे लिहितो. लिहिणार चादरी मोजणारा कारकून. पाहिले ते लिहिले आणि न पाहिले ते अधिक खात्रीने लिहिले, सबब वाचणाराने मध्ये शंका काढू नये.

कारखाना इस्पितळांच्या चादरी धुणारा आणि कुंपणापलीकडे बेकरी. बेकरीवाल्यांनी पाच वर्षे लागोपाठ आमचे फौजेस शिकस्त दिली, आणि दर शिकस्तीनंतर आठ दिवस कुंपणावरून दात काढिले. आमचा जुना उस्ताद हाय खाऊन बदली मागून गेला. मग साहेबांनी मसलत बोलाविली आणि ती एकट्यानेच केली. जो स्वतः खेळला तोच शिकवू जाणे, असे साहेबांचे ठाम मत. साहेबांनी जन्मात रुमाल धुतला नव्हता आणि ते धुलाईचे व्यवस्थापक होते, ही गोष्ट मसलतीत निघाली नाही.

खेळलेला असामी कारखान्यात एकच. त्यांस तोफ म्हणत. मोठ्या संघात अठरा वर्षे त्यांनी डाव्या पायाने मुलूखगिरी केली, मग गुडघा गनिमास फितूर जाहला, आणि ते आमचेकडे आवक नोंदवहीवर येऊन मळक्या चादरी टिपू लागले. दोन वर्षांत त्यांस कोणी मैदानाकडे बोलाविले नाही. साबणाची वडी घरंगळली तरी पायाने अडवीत, आणि अडविल्यावर इकडेतिकडे पाहत, की कोणी पाहिले काय. फार वाईट वाटे. त्यांस हुकूम पोहोचला, की उस्तादी तुम्हांस दिली. बेकरी जिंकाल तर कायम, हराल तर नोंदवही. तोफ यांनी तो कागद चौघडी करून वरच्या खिशात ठेविला आणि दिवसातून सात वेळा चाचपला.

तालीम सुरू जाहली. तोफ यांचे हाताखाली अकरा असामी, त्यांत हरोलीस, म्हणजे आघाडीस, इस्त्रीवाला, कारण डाव्या पायाचा तोच एक, आणि गोलात गाडीचा ड्रायव्हर, कारण तो जागचा हलत नसे. इस्त्रीवाल्याने पुसिले, की चेंडू असा वळवावा कसा. तोफ यांनी वळवून दाखविला. पुन्हा पुसिले, पुन्हा दाखविला. तिसऱ्यांदा पुसिले तेव्हा तोफ यांस घाम फुटला आणि ते म्हणाले, "अरे, तू नुसता धाव. पुढचं आपोआप होतं." तीन आठवडे सगळ्या प्रश्नांस हेच उत्तर. बचाव आपोआप, पास आपोआप, गोल आपोआप. होता होता फौजेची अशी समजूत जाहली, की आपोआप नामे कोणी नामांकित खेळाडू ऐन वेळी कुमकेस येणार. ड्रायव्हराने त्याचेसाठी गाडीत खिडकीची जागा राखिली.

मग सामन्याचा दिवस उगवला, आणि फौज कुंपण ओलांडून मैदानी उतरली, आणि बेकरीवाले मैदा झटकीत समोर आले, आणि शिट्टी जाहली, आणि आमचे अकरा असामी दरवाजाकडे पाहत उभे राहिले. बेकरीने पहिला गोल केला. ड्रायव्हराने ओरडून विचारिले, "आपोआप कुठवर आलाय?" इतक्यात दुसरा गोल जाहला.

मध्यंतरी तोफ बाकावर बसले, हात वरच्या खिशावर, तोंडाचा रंग चादरीसारखा. त्याच बाकाचे दुसरे टोकास त्यांच्या वहिनी, आमचे शिवणखात्याच्या मुख्य, फाटक्या चादरींचा काळ, सदऱ्यांची बटणे लावीत होत्या. त्यांनी दोरा दातांनी तोडिला आणि जे भाषण जाहले ते जसेच्या तसे लिहितो.

"भावोजी, तुम्ही त्याला अर्धंच सांगताय."

"मग पुरतं तुम्ही सांगा! चेंडूला पाय तरी लावलाय का कधी?"

"नाही लावला. पण अठरा वर्षं तुमचे सदरे मीच शिवलेत. दर खेपेला उजव्या काखेत उसवलेले. मारता डाव्या पायाने, मग उजवी काख का हो उसवते?"

तोफ उठले आणि रिकाम्या हवेस डावी लाथ मारिली, आणि उजवा हात आधीच मागे गेलेला त्यांचे नजरेस पडला. त्यांनी आपल्याच हाताकडे अशा नजरेने पाहिले, की हा पाहुणा घरात कधीपासून राहतो. अठरा वर्षे त्यांस ठाऊक नव्हते.

वहिनींनी इस्त्रीवाल्यास उभे केले. बारा वर्षे इस्त्री दाबून त्याचा उजवा हात अंगास चिकटलेला. "हात आधी, पाय नंतर," त्या म्हणाल्या, "आणि सदऱ्याची काळजी करू नकोस, मी बसलेय इथे."

मग दुसरा डाव. इस्त्रीवाला धावला आणि हात मागे टाकिला आणि काख टर्रकन उसवली आणि चेंडू वळून जाळ्यात गेला. आवाज ऐकून फौजेस कळले, की आपोआप आला. मग जो तो हात मागे टाकू लागला, दुसरी काख, दुसरा गोल, आणि शेवटच्या घटकेस तिसरा. बेकरीवाल्यांस वाटले, आमचे सदरेच फुटतात, हे काही नवे हत्यार आहे, आणि त्यांची फळी पांगली.

साहेबांनी मैदानावरच निवाडा लिहावयास घेतला, की खेळलेलाच उस्ताद उत्तम, सबब तोफ कायम. तोफ यांनी नुसते गप्प बसायचे होते. ते पुढे जाहले, खिशातला कागद काढून साहेबांचे हाती दिला आणि म्हणाले, "साहेब, मी कसा मारायचो, ते मलाच माहीत नव्हतं. वहिनींना माहीत होतं." हे ऐकून लिहिणाराने नाक पुसले, पण लिहिणारास सर्दी होती.

साहेबांनी मत बदलिले आणि ते आधीपासून तसेच होते असे जाहीर केले. उस्तादी वहिनींस दिली. तोफ यांसाठी नवा हुद्दा निर्माण केला, की वहिनींनी सांगावे आणि तोफ यांनी करून दाखवावे. हुद्द्याचे नाव नमुना. तोफ यांचे कुटुंबाने कळविले, की घरी हा हुद्दा लग्नापासून चालत आहे.

फत्तेची नोंद येणेप्रमाणे: गोल आमचे तीन, बेकरीचे दोन, काखा नऊ. समक्ष साहेब, ड्रायव्हर आणि कुंपणावरचे बेकरीवाले, जे हसत नव्हते. नोंद चालू असता नमुना बाकावर वहिनींपाशी जाऊन बसले आणि त्यांनी पुसिले, "वहिनी, मी अजून काय काय करायचो?"

वहिनींनी सुईत दोरा ओवला. "सांगते," त्या म्हणाल्या, "मोज्यांपासून सुरू करू."