परवडणारा लॅपटॉप आणि कपाटातला गवई

लॅपटॉप घ्यायचा निर्णय मी दाढी करताना घेतला. (माझे सगळे मोठे निर्णय मी दाढी करतानाच घेतो, कारण घरात तेवढाच वेळ मला कुणी काम सांगत नाही.) अर्धा गाल तसाच ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सांगून टाकलं, की मी लॅपटॉप आणणार, घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणार आणि यंदा ऑफिसच्या कार्यक्रमात गाऊन दाखवणार म्हणजे दाखवणार. तिनं माझ्या कानाला साबण लागलाय एवढंच सांगितलं.

आता हे प्रकरण काय ते सांगतो. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. ज्यांच्या नळाला पाणी येत नाही ते सकाळी माझ्यावर ओरडतात, आणि ज्यांच्या घरी पाइप फुटून नको तितकं येतं ते दुपारनंतर ओरडतात. एवढ्या लोकांचा आवाज जो माणूस वर्षभर निमूट ऐकून घेतो, त्याचा आवाज लोकांनी वर्षातून एकदा ऐकला तर काय बिघडलं? पण मागच्या वर्षी मी स्टेजवर उभा राहिलो आणि पहिलं कडवं संपतंय न संपतंय तोच आमच्या कॅशियरनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गाणं संपल्यावर वाजवतात तशा. बाकीच्यांनाही सुटल्यासारखं झालं आणि त्यांनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या, की मला नमस्कार करून खाली उतरावं लागलं. हा कॅशियर कार्यक्रमाचा सर्वेसर्वा. यंदा त्यानं नियमच काढला: ज्याला गायचंय त्यानं आधी नीट रेकॉर्डिंग करून पाठवावं, फोनवर केलेलं चालणार नाही. हा नियम खास माझ्यासाठी आहे असं ऑफिसात बोललं जातं. मलाही तसंच वाटतं, आणि म्हणूनच तर मी पेटलो.

कॉम्प्युटरातलं कळणारा माझा एक भाचा आहे. त्यानं फोनवर बजावलं, की मामा, रॅम भरपूर बघ, माइक वेगळा घे आणि लॅपटॉपचा पंखा आवाज करणारा नको. मी तिन्ही गोष्टी घोकत दुकानात गेलो. नव्या लॅपटॉपांच्या किमती ऐकून मी पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर दुकानदारानं मला आतल्या खोलीत, जुन्या मालाकडे नेलं. तिथे एका लॅपटॉपला रॅम भरपूर होती आणि किंमत माझ्यासारख्या माणसाला शोभेल अशी होती. मी कारण विचारलं. दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, याचा पंखा जरा बोलतो आणि यातून आवाज बाहेर येत नाही. स्पीकर गेलाय, इअरफोनचं भोकही गेलंय.

"मला गाणं आत घालायचंय," मी म्हणालो. "बाहेर कशाला काढायचंय?"

दुकानदारानं लगेच बिलबुक उघडलं. मग त्यानं घाईघाईनं लॅपटॉप पिशवीत घातला. मी मात्र, आपण त्याला कसं निरुत्तर केलं, या खुशीत एक माइक आणि लांबलचक वायर घेऊन घरी आलो.

पंखा जरा बोलतो म्हणजे काय, ते घरी कळलं. लॅपटॉप चालू केला की दळणाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटायचं. या आवाजात गाणं कसं करायचं? पण हार मानेन तर मी कसला. मी लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, माइकची वायर बेडरूमच्या दाराखालून आत नेली आणि दोन दारं लावून गायचं ठरवलं. तेव्हा बायकोनं आपण होऊन सुचवलं, की अहो, कपड्यांच्या कपाटातच बसा ना, आत रजया आहेत, आवाज कसा मऊ येईल. मला भरून आलं. इतकी वर्षं ही बाई माझ्या गाण्याला नावं ठेवत होती, आणि ऐन वेळी हिलाच माझी काळजी. मी तिला सांगितलं, की माइक माझ्याजवळ आत आहे, तू स्वयंपाकघरात खुशाल तुझी कामं कर.

रविवारी सकाळी मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, धावत बेडरूममध्ये गेलो, कपाटात शिरलो आणि दार ओढून घेतलं. आत अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि डोक्यावर हँगर. तशा अवस्थेत मी सबंध गाणं म्हटलं, सगळ्या कडव्यांसकट. टाळ्या वाजवून मला थांबवणारं तिथे कुणी नव्हतं. खोटं कशाला सांगू, शेवटच्या ओळीला माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. (थोडं डांबराच्या गोळ्यांमुळेही असेल.)

बाहेर येऊन बघतो तर स्क्रीनवर गाण्याच्या रेषाच रेषा उमटलेल्या. मध्ये एके ठिकाणी रेघ पार वरपर्यंत गेली होती. तो माझा वरचा सा, हे मी बायकोला बोट लावून दाखवलं. पाठवण्याआधी एकदा फोनवर तरी ऐकून बघा असं ती म्हणाली. मी म्हणालो, खरा गवई आपलं गाणं परत ऐकत बसत नाही. आणि फाइल कॅशियरला पाठवून दिली.

निवडीच्या दिवशी मी माझा सबंध विभाग मधल्या सुट्टीत सभागृहात बोलावला होता. कॅशियरची जिरलेली बघायला साक्षीदार नकोत? त्यानं माझी फाइल मोठ्या स्पीकरवर लावली. आधी गिरणी सुरू झाली. हे कुठून आलं, असं मला वाटतंय तोवर सगळ्या सभागृहात माझ्या बायकोचा आवाज घुमला.

"हं, बोल ताई. मोकळीच आहे मी, हे कपाटात बसलेत... नाही गं, भांडण कसलं. गातायत... मीच बसवलं. रजया आहेत ना आत, बाहेर फारसं येत नाही... हो, लॅपटॉप परवडला गं. गाणं परवडत नाही."

लॅपटॉपला स्वतःचाही एक माइक असतो, आणि कुठल्या माइकमधून ऐकायचं ते त्याला आधी सांगावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा विकतचा माइक कपाटात नुसता माझ्यासमोर धरलेला होता. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. माझा वरचा सा तो हाच.

मी उठून फाइल बंद करणार होतो. पण ताईचा फोन संपला आणि बायको गुणगुणायला लागली. महिनाभर मी घरात घोकत होतो तेच गाणं. आधी हळू, मग चांगलं मोकळ्या गळ्यानं. हसणारे एकेक करून गप्प झाले. मला आधी भयंकर राग आला. मग लक्षात आलं, की ज्या जागी मी महिनाभर अडखळतोय ती जागा ती भांडी लावता लावता सहज घेतेय. फार गोड गात होती हो. इतक्या वर्षांत मी तिला कधी गा म्हटलं नव्हतं, कारण घरात गाणारा मी होतो.

कॅशियरनं तिथल्या तिथे तिची निवड करून टाकली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही कार्यक्रमात गाता येतं, नियमात बसतं, म्हणाला. मग फाइल पुन्हा लावून कान देत म्हणाला, "मागे ते घुं घुं काय वाजतंय? पाइपात हवा अडकलेली दिसते. आपल्याच खिडकीवर तक्रार देऊन टाका." ते कपाटातलं माझं गाणं होतं.

घरी बायकोनं साफ नाही म्हटलं. ताईशी बोललेलं सगळ्या ऑफिसनं ऐकलंय, आता मी त्या लोकांना तोंड दाखवणार नाही, म्हणून रडलीसुद्धा. तेव्हा मात्र मी इरेला पेटलो. म्हटलं, हसले तर मला हसले, तुला हसायची कुणाची हिंमत आहे? तू गायचंस. त्या कॅशियरच्या नाकावर टिच्चून गायचंस. शेवटी ती तयार झाली, एका अटीवर. ती गात असताना मी तोंड उघडायचं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत ओठ मिटून बसलो. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्याला ती थांबली. शब्द गेले. तिनं सभागृहाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बाजूला कॅशियर उभा होता आणि त्याचे हात टाळीसाठी वर आलेले मला दिसले. एवढं झाल्यावर कसली अट आणि कसलं काय. मी उभा राहिलो आणि ती ओळ गळा फाडून म्हटली. लोक खो खो हसले. पण हसण्यात तिची भीती गेली. ती स्वतःही हसली आणि तिनं उरलेलं गाणं असं गायलं, की कडकडून टाळ्या पडल्या, आणि शेवटालाच पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर कॅशियर गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. माणूस खरंच भारावला होता. म्हणाला, "मी तुम्हाला ओळखलंच नाही हो. पुढच्या वर्षी तुमचं नाव आत्ताच पक्कं. रेकॉर्डिंगसुद्धा नको."

माझी छाती फुगली. बायको शेजारी उभी होती, ते बरंच झालं.

"नकलांमध्ये घेतोय तुम्हाला," तो म्हणाला. "गाता न येणाऱ्या माणसाची इतकी हुबेहूब नक्कल मी जन्मात पाहिली नव्हती."

मी मान ताठ ठेवली. "रियाज लागतो त्याला," म्हणालो.