राणीच्या वाटेचं लग्न

ओब्रिन्यी गावच्या जंगलातल्या सायकलवाटेचं लग्न कालव्याकाठच्या रस्त्याशी ठरलं होतं आणि मुलीच्या बाजूने उभं राहायला कोणीच नव्हतं.

ओब्रिन्यी हे फ्रान्समधलं एक लहानसं गाव. त्या भागात मोटारींना बंदी असलेले दोन रस्ते एकमेकांना जोडायचे झाले, तर आधी गावच्या कचेरीत त्यांचं रीतसर लग्न लावावं लागतं. नाहीतर जोड धरत नाही. शेजारच्या गावाने एकदा घाई करून नुसतंच डांबर ओतलं होतं. हिवाळा संपायच्या आत ते दोन रस्ते वेगळे झाले, आणि आता एकमेकांकडे पाहतसुद्धा नाहीत.

लग्न म्हटलं की दोन्हीकडून साक्षीदार हवेत. कालव्याकाठच्या रस्त्याला माणसांची ददात नव्हती. गळ टाकून बसणारे मासेमार होते, नावाडी होते, संध्याकाळी कुत्री फिरवणारी मंडळी होती. जंगलातल्या वाटेचं तसं नव्हतं. तिला राणीची वाट म्हणत, कारण जुन्या काळी कुठलीशी राणी तिच्यावरून घोड्यावर बसून पडक्या मठापर्यंत जात असे. राणी गेली, मठातले साधू गेले, आणि पुढे मोटारीही बंद झाल्या. आता सायकलवाले येत, झाडी किती सुंदर म्हणत, आणि पुढच्या गावी निघून जात. दुसऱ्यांदा कोणी येत नसे.

अपवाद फक्त सांगलीच्या सबनीस दांपत्याचा. दिनकरराव सबनीस वीज मंडळातून निवृत्त झाले होते. मंदाकिनीबाईंनी सांगलीत आयुष्यभर वधूवर सूचक मंडळ चालवलं होतं. दोघं सायकलवरून फ्रान्सचा ग्रामीण भाग बघायला निघाले होते, पण ओब्रिन्यीत दिनकररावांचा गुडघा सुजला आणि मुक्काम लांबला. सपाट आणि सावलीची म्हणून ते रोज राणीच्या वाटेवर हळूहळू जात आणि परत येत. त्यामुळे साऱ्या गावात वाटेला ओळखणारे म्हणता येतील असे ते दोघेच उरले.

ते ज्या घरी उतरले होते, तिथल्या मालकीणबाई मादाम ब्लांशार याच गावच्या मेयर होत्या. एके सकाळी पाव आणि जाम पुढे ठेवून त्यांनी आपल्या शाळकरी इंग्रजीत विषय काढला.

"मुलीकडून तुम्ही उभे राहाल का? कायद्याला कोणीतरी लागतं."

मंदाकिनीबाईंनी कप खाली ठेवला. "मुलीला विचारलंय का?"

"रस्ते खात्याने दोन्ही बाजू मोजल्यात. रुंदी जुळते."

"रुंदी जुळली म्हणजे झालं? आमच्याकडे छत्तीस गुण जुळूनसुद्धा मुली रडत परत आलेल्या मी पाहिल्यात. पसंती विचारली का तिची?"

मेयरबाई जरा ओशाळल्या. विचारायचं राहिलंच होतं. तशी वाट बोलते, त्या म्हणाल्या. हो म्हणायचं असेल तर उतरते, नाही म्हणायचं असेल तर चढते. फक्त कोणी विचारत नाही.

"अगं, आपण इथे विश्रांतीला आलोय," दिनकरराव म्हणाले.

"अहो, पोरीच्या मागेपुढे कोणी नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि शिरस्त्राण बांधायला उठल्या.

ओकच्या झाडीत ऊन तुकड्यातुकड्यांनी सांडलं होतं. मंदाकिनीबाईंनी पहिल्यांदा इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, कारण मुलीला एकदम विचारायचं नसतं. ही झाडं जुनी का? वाट किंचित उतरली. मठ रात्रीचा भीतिदायक वाटतो का? सायकली थोड्या जड झाल्या. म्हणजे नाही.

"बरं, मग लग्न करायचंय का तुला? मनापासून सांग."

सायकली आपोआप धावू लागल्या. दिनकररावांनी पाय चालवायचं सोडून दिलं आणि त्यांना ही मुलगी फार गुणी वाटू लागली.

"मुलगा पाहिलास? पसंत आहे?"

वाट उतरली, आणि उतरता उतरता झाडाआड वळली.

"लाजली," मंदाकिनीबाई मागे वळून म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "मग कुठे अडलंय, बाळ? अडलंय ना काहीतरी?"

आणखी एक उतार. त्यांनी मुलाकडच्या माणसांचं विचारलं, माहेर सुटण्याचं विचारलं, पावसापाण्याचं विचारलं. प्रत्येक वेळी चढ आला. दिनकरराव घामाघूम झाले. "अगं, ज्याला ती हो म्हणेल असं काहीतरी विचार गं!" ते मागून ओरडले. "माझा गुडघा आहे हा, सरकारी नाही!"

तेव्हा त्यांना समोर झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगाचे पट्टे दिसले. वाटेच्या प्रत्येक वळणावर तसे पट्टे होते. मंदाकिनीबाई उतरल्या आणि सायकल हातात धरून उभ्या राहिल्या.

"तुझी वळणं काढणार आहेत का?"

त्यांच्या पायाखाली वाट इतकी खोल उतरली की दिनकरराव सायकलसकट त्यांच्यावर येऊन आदळले.

दुपारी कचेरीच्या दिवाणखान्यात बैठक बसली. मुलाकडून मस्यू लाकाझ आले होते. त्यांच्या चार पिढ्या कालव्याचे पाण्याचे दरवाजे उघडण्या-मिटण्यात गेल्या होत्या, आणि कालव्याकाठच्या रस्त्याला ते घरातलाच मानत. उंच, ताठ, मिशा पाण्याच्या पातळीइतक्या समतल. त्यांना फक्त फ्रेंच येत होतं, म्हणून मेयरबाई मधे बसून दोन्हीकडचं सांगत होत्या.

"आमच्या घरात वळण नाही," लाकाझ म्हणाले. "कालवा सरळ आहे, रस्ता सरळ आहे, माझे आजोबा सरळ होते. आमच्याकडे येणाऱ्या मुलीने सरळ व्हावं, यात वावगं काय?"

"किती वळणं आहेत तरी?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

मेयरबाईंनी नकाशा पसरला. एक वळण म्हाताऱ्या ओकला वळसा घालत होतं. एक मठाच्या तळ्याकाठी होतं, साधूंचं ध्यान मोडू नये म्हणून. एक राणी रुसून बसली होती त्या दगडापाशी होतं. आणि एकाला काहीच कारण नव्हतं. ते नुसतंच तिला आवडायचं.

"ते शेवटचं तरी काढा," लाकाझ म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी पदर खोचला. बैठकीत त्या कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही. "असं पाहा, माझ्या मुलीला वळण आहे म्हणून तर मी तिची बाजू घेऊन बसलेय. ज्या मुलीला वळण नाही, तिला आमच्या सांगलीत कोणी दारात उभं करत नाही. आणि तुम्ही पदरात पडतंय ते वळण काढून टाका म्हणता?"

हे त्या मराठीतच बोलल्या. दिनकररावांनी त्याचं इंग्रजी केलं. मेयरबाईंनी त्याचं फ्रेंच केलं. एवढ्या हातांतून जाऊनही त्यातलं काही सांडलं नसावं, कारण लाकाझनी नकाशा आपल्याकडे ओढून ते शेवटचं वळण पुन्हा पाहिलं.

"आमच्या मुलालाही मत आहे," ते शेवटी म्हणाले.

"मग त्याला विचारलंत?"

"तो बोलत नाही. तो सपाट आहे."

"चला," मंदाकिनीबाई उठल्या.

कालव्याकाठी चौघं सायकलींवर निघाले. एका बाजूला हिरवं संथ पाणी, दुसऱ्या बाजूला उंच झाडांची रांग, आणि मधे पट्टीने ओढल्यासारखा रस्ता. समोरून वारा येत होता. लाकाझ म्हणाले, इथे वारा असतोच, कधी समोरून, कधी मागून.

"नेमका कधी समोरून आणि कधी मागून?"

"हवामान," लाकाझ म्हणाले.

"तुम्ही रस्त्याशी बोलत असता तेव्हा?"

लाकाझनी खाली रस्त्याकडे पाहिलं. आयुष्यभर ते त्या रस्त्यावरून गेले होते. त्याला त्यांनी झाडलं होतं, खड्डे बुजवले होते, रागेही भरले होते. पण प्रश्न असा कधी विचारला नव्हता.

"विचारा तुम्हीच," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "परक्या बाईपुढे मुलं मन मोकळं करत नाहीत."

लाकाझनी घसा साफ केला. "तुला... सरळ राहायला आवडतं ना?"

समोरच्या वाऱ्याचा असा झोत आला की सगळ्यांच्या सायकली जागीच उभ्या राहिल्या. दिनकररावांचा एक पाय जमिनीवर टेकला.

लाकाझ हँडल घट्ट धरून उभे होते. त्यांच्या मिशा हलत होत्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "वळावंसं वाटतं तुला?"

वारा फिरला. मागून आला, उबदार, एकसारखा, आणि त्याने लाकाझची टोपी उचलून कालव्यात टाकली. त्यांनी ती काढायचा प्रयत्नही केला नाही. ते तसेच वाऱ्याबरोबर पुढे जात राहिले, पाय न हलवता.

"मला सांगायचं होतंस," ते रस्त्याला म्हणाले. मेयरबाईंनी एवढ्याचं भाषांतर केलं नाही.

लग्न शनिवारी सकाळी होतं. ठिकाण मठाच्या पडक्या कमानीखाली, जिथे वाट संपत होती आणि कालव्याचा रस्ता हाकेच्या अंतरावरून जात होता. मुलाकडचे मासेमार कोट घालून आले, पण त्यांना आपल्या खुर्च्या उचलून पुन्हा मांडाव्या लागल्या. कालव्याकाठचा रस्ता पहाटे वळला होता. झाडांच्या रांगेतून बाहेर पडून तो कमानीपर्यंत आला होता. वळताना अंदाज चुकून एका ठिकाणी जवळजवळ पाण्यातच गेला होता.

लाकाझ त्या वळणापाशी नव्या टोपीत उभे होते. "पहिलंच आहे," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. "जरा ओबडधोबड आलंय. हात बसेल हळूहळू."

झाडांवरचे लाल पट्टे मेयरबाईंनी स्वतः घासून काढले होते. त्यांनी मेयरपदाचा तिरंगी पट्टा खांद्यावरून घेतला आणि कलमं वाचली. परस्परांचा मान राखणे, पडझडीत साथ देणे, मोटारींना थारा न देणे. मंदाकिनीबाईंनी आपल्याकडची रीतही व्हावी असा आग्रह धरला होता. त्यासाठी मेयरबाईंच्या जेवणाच्या टेबलावरचं चौकड्यांचं कापड आणलं होतं. ते वाट आणि रस्ता यांच्या मधे दिनकरराव आणि लाकाझ यांनी दोन्ही टोकांना धरलं. मंदाकिनीबाईंनी मंगलाष्टकं म्हटली. त्यांच्या मंडळात कितीतरी लग्नं जमली होती, सगळी दुसऱ्यांच्या घरची. त्यांना मूलबाळ नव्हतं. मुलीच्या मागे उभं राहायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि तिसऱ्या मंगलाष्टकाला त्या मधेच थांबल्या. पुढची दोन दिनकररावांनी म्हटली. त्यांना चाल येत नव्हती, पण फ्रेंच मंडळींना ती तशीच असावी असं वाटलं.

कापड दूर झालं. तांदूळ पडले, ते कालव्यातल्या बदकांनी येऊन खाल्ले.

"संमती आहे?" मेयरबाईंनी विचारलं.

कायद्याला पुरावा लागत असल्यामुळे दिनकरराव राणीच्या वाटेवर सायकल घेऊन उभे होते. त्यांनी ब्रेक सोडला. वाट अलगद उतरली. ते कमानीखालून आले, डांबर जिथे डांबराला भेटत होतं ती रेघ त्यांनी ओलांडली, आणि तेवढ्यात मागून वारा आला. ते त्या नव्या वळणावरून थेट कालव्याच्या दरवाजांपर्यंत गेले. तिथून त्यांना चालत आणावं लागलं. जोड धरला होता.

"सुखी राहा," मंदाकिनीबाई वाटेला म्हणाल्या आणि वाकून तिच्यावरून हात फिरवला. मग त्यांनी लाकाझना बाजूला घेतलं. थंडीत तिच्या अंगावर पानं साचतात, ती फार दिवस तशीच ठेवू नका, एवढं त्यांनी खुणांनी सांगितलं. लाकाझना ते बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी सबनीसांना निघायचं होतं, पण दोन्ही रस्त्यांवर फळ्या लागल्या होत्या. नव्या जोडप्याला आठवडाभर कोणी त्रास द्यायचा नाही असा नियम आहे. मेयरबाईंनी त्यांच्या सायकली बसच्या टपावर बांधून दिल्या आणि दोघांना गालाला गाल लावून निरोप दिला. दिनकरराव त्यानंतर बराच वेळ अवघडून बसले होते.

बस शेतांमधून निघून हमरस्त्याला लागली. हमरस्ता रुंद होता, देखणा होता, थेट पॅरिसपर्यंत त्याची ओळख होती. लग्न झालेलं नव्हतं. मंदाकिनीबाई खिडकीतून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मोटारी, मालगाड्या, तेलाचे टँकर सुसाट जात होते.

"काय बघतेयस?" दिनकररावांनी विचारलं.

"स्थळ वाईट नाही हो," त्या म्हणाल्या. "पण घरात एवढा राबता! मुलगी दमून जाईल."