फत्तूने कोणाला फसवावे

सौंसरच्या नाट्यमंडळाच्या गणेशोत्सवातील नाटकात फत्तू नावाचा लबाड नोकर असे, आणि ते काम कापसाच्या जिनिंगमधला कारकून सुखदेव करत असे. नाटक जुनेच, दरसाल तेच. वर्षभर सुखदेव "हो जी" याच्यापलीकडे बोलत नसे. त्या एका संध्याकाळी मात्र तो सावकार, वैद्य आणि वकील अशा तिघांना टोपी घाली. लोक हसून आडवे होत, आणि त्या हसण्यावर सुखदेव पुढचे वर्ष काढी.

१९८४ साली मंडळाने आक्षेप निवारण समिती नेमली. आक्षेप कोणाचाच नव्हता. पण समिती असली म्हणजे आक्षेप येतात.

अध्यक्ष केशवराव कापडवाले म्हणाले, "सुखदेव, पडद्याचं कापड आमचं, अन् त्याच्याच समोर तू आमच्यासारख्या सावकाराले फसवून राहिला. बरं दिसते का?"

सावकार गेला. समितीतल्या यशवंतराव वकिलांनी वकील काढला. वैद्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, पण केशवरावांना रक्तदाब होता; वैद्यही गेला.

"मंग फत्तूनं फसवावं कोणाले?" सुखदेवने विचारले. "फसवलं नाई तर लोक हसतीन कायले जी?"

समितीने सखोल विचार केला. ज्या वर्गाचा समितीत प्रतिनिधी नाही, त्यालाच फसवावे, असे ठरले. तपासणीअंती असा वर्ग एकच निघाला : प्रेक्षक.

नवे नाटक सुटसुटीत होते. फत्तूने पडद्यापुढे यावे, "नाटक आता सुरू होईल, जरा थांबा" म्हणून आत जावे, आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन तेच म्हणावे. पडद्यामागे काहीच नाही. हे लोकांच्या ध्यानात आले की हास्याचा स्फोट. सुखदेव आधी हिरमुसला, मग खुलला. इतक्या माणसांना एकदम फसवणारा फत्तू आजवर झाला नव्हता.

नाटकाच्या संध्याकाळी पार मोहगाव, रामाकोन्यापासून माणसे आली. फत्तूने थांबायला सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्यांदा सांगितले, तेव्हा भाकऱ्यांची फडकी सुटली. तिसऱ्यांदा त्याने पदरचे घातले, "मंजुरीचा कागद जिल्ह्याले, छिंदवाड्याले गेला आहे."

"मंग वेळ लागनच," कोणी तरी म्हणाले, आणि काहींनी आपणहून रांग लावली.

हसले कोणीच नाही. सुखदेवच्या तोंडावरचा रंग घामाने ओघळू लागला. शेवटी त्याने हात जोडले.

"नाटकच नाई जी. मी तुमाले फसवून राहिलो."

पुढे बसलेले म्हातारे नत्थूजी मायेने म्हणाले, "तुमची काई चूक नाई, भाऊ. वरूनच उशीर झाला असन."

बायकांतून सुखदेवची बायको वच्छला दटावून बोलली, "असं अभद्र बोलू नये. एवढे लोक बसून हायेत, म्हणजे असनच ना काई."

सुखदेवने पडदा सारून मागे पाहिले. मोकळ्या फळ्या होत्या. समोर पाहिले. एवढी शहाणीसुरती माणसे होती. तो स्टेजवरून उतरला आणि नत्थूजींच्या सतरंजीवर कडेला टेकला. त्यानेही पडद्याकडे तोंड केले.

"कधी सुरू होईन म्हणतात?" त्याने हळूच विचारले.

"आता होईन," नत्थूजी म्हणाले. "फत्तू सांगून गेला ना."

आपणही जरा सरकून बसावे; मागे माणसे उभी आहेत.