शेणव्याचा संगणक ठाण्याहून चालतो

शेणव्याच्या दाखला केंद्रातल्या संगणक खोलीत २००६च्या जूनमध्ये पुढील वस्तू होत्या: संगणक एक, प्रिंटर एक, टेबल एक, खिडकी एक (गज सहा, काच फुटलेली), दार एक, दाराला बाहेरून कडी एक, दारावर फलक एक. फलकावर लिहिले होते : 'हा संगणक ठाण्याहून चालतो. आत प्रवेश नाही.'

पूर्वी हा संगणक शेखर नावाचा कंत्राटी ऑपरेटर आत बसून चालवत असे. ही पद्धत मागासलेली असल्याचे निष्पन्न झाले. ठाण्याहून माणसे आली, तार जोडली, पासवर्ड घातला; शेणव्याचा पडदा ठाण्यातल्या साहेबांना बसल्याजागी दिसू लागला. शेखरची खुर्ची फोनसह व्हरांड्यात आली. पगार तोच, पद मात्र 'दूरस्थ प्रणाली समन्वयक'.

गुरुवारी हौसा आपल्या मुलीला, हर्षालीला, घेऊन आली. हर्षालीला ठाण्यात नर्सिंगला जागा लागली होती. रहिवासी दाखला शनिवारपर्यंत दिला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

शेखरने फोन लावला.

"इथं काहीच दिसत नाही," साहेब म्हणाले. "तिकडचा संगणक बंद आहे."

"लाइट गेली होती, साहेब. आता आलीय. बटण दाबावं लागेल."

"ते मी इथून कसं दाबू?"

"मी आत जाऊन दाबतो की."

"आत? मग प्रणाली दूरस्थ कशी राहील? जे काय करायचं ते लांबून करा."

हौसा कान देऊन ऐकत होती. "लांबूनच दाबायचाय ना? माझ्याकं आंबे काढायची आकडी हाय."

"आये, गप गो! सरकारी कम्प्युटर हाय तो."

"सरकारी असला म्हनून काय झाला? बटन त बटनच ना?"

आकडीचा बांबू गजांतून आत गेला. शेखरने आधी टेबल पाडत आणले, मग प्रिंटरला ढोसले. "दादा, तुमचा हात हालतो," म्हणत हर्षालीने बांबू घेतला आणि बटण दाबले. पडदा उजळला. त्यावर प्रश्न आला: ठाण्याहून कोणी जोडू पाहत आहे, परवानगी द्यायची का? तीही बांबूनेच दिली गेली. ठाण्यात साहेबांनी दाखला छापला. तो शेणव्यात, खोलीत, प्रिंटरवर येऊन पडला.

"अभिनंदन," साहेब फोनवरून म्हणाले. "दाखला दिला गेला आहे."

"पन तो आत हाय," हौसा म्हणाली.

"देणं आमचं काम, मावशी. घेणं तुमचं."

हौसाने बांबू उलटा करून आकडीने दाखला ओढला. हर्षालीच्या नावाशेजारी रुपयाएवढे भोक पडले.

शनिवारी कॉलेजच्या कारकुनाने तो परत केला. "भोक पडलेला दाखला चालत नाही." हर्षाली रडत साहेबांकडे गेली. प्रणाली नुकतीच यशस्वी म्हणून जाहीर झाली होती. ती चुकली असे म्हणणे शक्य नव्हते. साहेबांनी तासाभरात परिपत्रक काढले: भोक हीच दूरस्थ दाखल्याची ओळख समजावी. हर्षालीला प्रवेश मिळाला.

त्यानंतर बिनभोकाचे दाखले संशयास्पद ठरले. लोक जुने दाखले भोक पाडून घ्यायला शेणव्याला येऊ लागले. केंद्राला आठ बांबू मंजूर झाले. ते निविदा काढून ठाण्याहून मागवण्यात आले आणि शेणव्याच्या बांबूच्या बेटाशेजारी उतरवण्यात आले. खिडकीशी रांग लागे. रांगेत म्हातारा नथू प्रत्येकाला सांगे, "लय सोय झाली रे. आता दाखल्यासाठी ठान्याला जायला नको."

वर्षअखेरीस केंद्राची तपासणी झाली. तपासणीत आढळले ते असे: खिडकीपासून संगणक साडेआठ फूट. दारापासून संगणक तीन फूट. दाराला कुलूप, शून्य.