वरीलप्रमाणे

पस्तीस वर्षांची नोकरी संपायला चार तास उरले असताना मोठ्या बाईंचं सेवामुक्तीचं पत्र अडकलं.

कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख. पाच वाजता पत्र घ्यायचं आणि थेट ताईकडे राहायला जायचं, असं ठरलेलं. घराची किल्ली सकाळीच मालकाला देऊन झाली होती.

"बाई, स्टाइलशीट थांबलंय," संगणक सांभाळणारा म्हणाला. त्याला सगळे काटेकोर म्हणत. सगळ्यांची माहिती एका एक्सएमएल फाइलमध्ये असे आणि स्टाइलशीट तिच्यातून पत्रं तयार करी. पूर्वी ते बिचारं मिळेल ते छापायचं. 'आपण वरीलप्रमाणे रोजी रुजू झालात' अशी पत्रं कित्येकांना गेली, कुणी चकार शब्द काढला नाही. मग तसलं एक साहेबांनाच गेलं. तेव्हापासून काटेकोरने स्कीमाचा, म्हणजे कुठल्या रकान्यात काय चालेल या नियमांचा, पहारा बसवला होता. तारखेच्या रकान्यात तारीखच हवी, नाहीतर पत्र नाही.

"एक्केचाळीस ठिकाणी 'वरीलप्रमाणे' लिहिलंय. कुणाचा हा शहाणपणा?"

ही फाइल एका जुन्या नोंदवहीवरून भरलेली. बाई नव्या असताना ती नोंदवही त्यांच्याच हाती आली होती. एकाच दिवशी रुजू झालेल्या पाचजणी. पहिलीपुढे तारीख, बाकीच्यांपुढे, स्वतःपुढेसुद्धा, निळ्या शाईत 'वरीलप्रमाणे'. तेव्हाच्या साहेबांनी अक्षराचं काय कौतुक केलं होतं! मग पुढच्या तुकड्यांनाही बाईंनी तेच लिहिलं. त्या पाचांतल्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

"मग वरची तारीख खाली उतरव की रे बाबा."

काटेकोरने चार ओळी लिहिल्या. "झालं! चुका शून्य."

पत्र छापून आलं. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "'काम समाधानकारक असल्यास आपणास कायम करण्यात येईल.' हे काय? मी अकरा महिन्यांपूर्वी लागले?"

"फाइल आता नावांच्या क्रमाने आहे ना. तुमच्या वर ती नवी टंकलेखिका आलीय. तिची तारीख तुम्हाला लागली, आणि वर्षाच्या आतल्यांना हेच पत्र जातं."

"नावांच्या क्रमाने कुणी लावली?"

"तुम्हीच लावायला सांगितलीत. नीटनेटकी दिसते म्हणालात."

"बरं बाई माझंच चुकलं. पण तुझा पहारेकरी झोपला होता का?"

"त्याची हरकतच नाही. तारीख अगदी खरी आहे. फक्त तुमची नाही."

साहेबांनी हात वर केले. "तारीख बदलायला समिती लागते. ती पुढच्या महिन्यात बसेल. तोवर येत राहा."

तेवढ्यात ताईचा फोन. "निघालीस का गं?"

"अजून कायम झाले नाही, ताई."

"उन्हात फिरलीस का?"

बाई थकून खुर्चीत टेकल्या. पत्राच्या तळाशी लिहिलं होतं, 'कामाबद्दलचा शेरा विभागप्रमुखांनी द्यावा.' विभागप्रमुख त्याच. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं, 'पुरे झालं, सोडा आता.'

"तसं नाही घेणार ते," काटेकोर म्हणाला. "तिथे दोनच शब्द चालतात. समाधानकारक किंवा असमाधानकारक."

बाईंनी क्षणभर विचार केला. पेन्शन पलीकडच्या कचेरीत कागदी सेवापुस्तकावरून ठरायची. तिथे अजून काटेकोर पोचला नव्हता. त्यांनी दुसरा शब्द निवडला. स्कीमाने हूं की चूं केलं नाही. दुसरं पत्र आलं, 'आपणास आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे.'

"अहो बाई, पस्तीस वर्षांत तुमच्यावर एकही वाईट शेरा नव्हता!"

"म्हणून तर इतकी वर्षं अडकले," बाई पर्स उचलत म्हणाल्या.