निरोगी मावा

"काकू, माझा मावा दोन दिवस तुमच्याकडे ठेवू का?" तनयाने दारातूनच विचारलं. एका हातात मलमलीच्या कापडाने चहूबाजूंनी शिवलेला मिरचीच्या रोपांचा पिंजरा, दुसऱ्या हातात स्टीलचा उभा डबा, आणि खाली ऑटोवाला हॉर्नवर बसल्यासारखा वाजवतोय.

"विचारतेस काय, वेडे? आण इकडे!" वृंदाने डबा जवळजवळ हिसकावूनच घेतला.

तिला दोष देण्यात अर्थ नाही. दिवाळी तोंडावर आली की दिल्लीत माणसं एकमेकांच्या तब्येतीची नाही, माव्याची चौकशी करतात. रोजच्या पेपरात नकली माव्याचा एक तरी टेम्पो पकडलेला असतो. तो रस्त्यावर ओतून त्यावर रोड रोलर फिरवतानाचा फोटो असतो, आणि फोटो बघून हळहळणारी जनता संध्याकाळी त्याच दुकानातून दोन किलो बर्फी उचलते. अशा शहरात सख्खी पुतणी घरपोच मावा आणून देतेय म्हटल्यावर कुणीही डबा हिसकावला असता.

"पिंजरा गॅलरीत ठेवा. आणि काकू, डबा उघडायचा नाही हं. एकदम निरोगी मावा आहे. गारव्यात ठेवा, ऊन लागू देऊ नका. तीन वर्षांची मेहनत आहे माझी."

"बिल्कुल काळजी करू नकोस. पण तू तर झाडांचे रोग शिकतेस ना गं?"

"हो ना. पण माव्याशिवाय माझं कामच होत नाही." आणि ती जिन्यावरून धडधडत उतरलीसुद्धा. मुनिरक्यातल्या तिच्या खोलीला घरमालक दिवाळीचा रंग काढत होता, आणि तिला सोनीपतच्या शेतावर मिरचीची रोपं बघायला पोचायचं होतं.

वृंदाने मनाशी हिशेब जुळवला. शेतीच्या संस्थांमधून तूप मिळतं, मध मिळतो, मग मावा का मिळू नये? पोर हुशार आहे, साइडला शिकली असेल. गारव्यात ठेव म्हणाली, म्हणून तिने फ्रीजमधली कोबीची गड्डी हलवली आणि डबा सन्मानाने आत बसवला.

इथे वृंदाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिचं माहेर तीन पिढ्या दिल्लीतलं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून ती दर रविवारी मराठी मुलांना 'शुद्ध मराठी' शिकवायची. नवरा राजाभाऊ जळगावकडचा, केंद्र सरकारच्या नोकरीपायी इथे आलेला. त्याने घरात "अच्छा" म्हटलं तरी ती त्याला थांबवून "बरं" म्हणायला लावायची. तो बिचारा बरं म्हणायचा.

दुपारी शेजारच्या मिसेस भाटियांना बातमी कळली. बातमी कळावी अशीच वृंदाची इच्छा होती.

"शुद्ध मावा? वृंदा भाभी, सच्ची?"

"साइंटिस्ट भतीजी ने खुद बनाया है. ऐसा-वैसा नहीं."

"हाय, थोड़ा हमें भी दे दो! गुजिया बनानी है. मार्केट का तो ज़हर है ज़हर."

वृंदाने उदारपणे पाव किलोचं आश्वासन दिलं. मग वरच्या मजल्यावरच्या दोघींना दिलं, मग जिममधल्या एकीला. रात्री तिच्या लक्षात आलं की डब्यापेक्षा आश्वासनंच जड झालीयत, आणि परवानगी तर घेतलेलीच नाही. तिने तनयाला फोन लावला. तिकडे ट्रॅक्टर धडधडत होता.

"तनया, मावा थोडासा वापरला तर चालेल का गं?"

"काय? वाढला का म्हणताय? वाढणारच, काकू! निरोगी आहे ना. एकही विषाणू नाही त्यात, मी स्वतः तपासलाय!"

"अच्छा, म्हणजे चालेल ना?"

"पळेल! फक्त मला नंतर थोडा लागेल," असं काहीसं ट्रॅक्टरमधून ऐकू आलं आणि फोन कटला. आपण शुद्ध मराठीच्या शिक्षिका असून 'अच्छा' म्हणालो, हे वृंदाच्या ध्यानातही आलं नाही. विषाणू नाही म्हणजे मामला संपला. बाजारात अशी गॅरंटी कोण देतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिसेस भाटिया वाटी घेऊनच आल्या. वृंदाने डबा ओट्यावर ठेवला आणि नैवेद्याचं ताट उघडावं तसं झाकण काढलं. आत काचेच्या चपट्या बश्या एकावर एक रचलेल्या होत्या. पहिल्या बशीत पानाचा एक गोल तुकडा, आणि त्यावर खसखशीएवढे हिरवे दाणेच दाणे.

"हरा है," मिसेस भाटिया आदराने म्हणाल्या. "पिस्ते वाला होगा."

"हो... हां, पिस्ता," वृंदाने दुजोरा दिला. पण हात पुढे होईना.

मिसेस भाटियांनी चष्मा लावला, बशी नाकाशी नेली. ओट्याशेजारी कढई तापत होती. तिच्या उबेने एका पिस्त्याने हळूच पाय ताणला.

त्यानंतरची किंकाळी समोरच्या ब्लॉकमधल्या लोकांनाही ऐकू आली. काहींना वाटलं, फटाके सुरू झाले. वृंदाने बश्या कशाबशा डब्यात कोंबल्या, झाकण दाबलं आणि हात सवयीने जिकडे जातात तिकडेच गेले: डबा पुन्हा फ्रीजमध्ये. इकडे मिसेस भाटियांनी मिस्टरांना फोन केला होता. मिस्टर भाटिया कृतीचे भोक्ते. बायकोने "कीड़े" एवढा शब्द उच्चारायचा अवकाश, त्यांनी ओळखीचा धूर मारणारा माणूस बोलावला. पाठीवर यंत्र घेऊन तो आला आणि किडे कुठे, कसले, कुणाचे, याची चौकशी न करता त्याने सगळ्या गॅलऱ्यांवरून पांढरा धूर फिरवला. आपल्याकडे उपाय असेच होतात. रोग कोणता हे कुणी विचारत नाही, यंत्र मात्र तयार असतं.

राजाभाऊ ऑफिसमधून खोकत खोकत घरात शिरला. "हे काय चाललंय?"

"अहो, तुमच्या पुतणीने खराब मावा दिला! सगळ्यात किडे! माझी इज्जत गेली यार कॉलनीत!"

"माव्यात किडे?" राजाभाऊने बॅग खाली ठेवली. "वृंदा, मावा म्हणजेच कीड. आमच्याकडे कपाशीवर पडतो तो."

"काहीही काय! मावा म्हणजे बर्फीचा."

"त्याला खवा म्हणतात. मराठीत खवा. मावा तुम्ही लोक म्हणता."

'तुम्ही लोक' हे दोन शब्द वृंदाला धुरापेक्षा जास्त झोंबले. पण तिला भांडायला वेळ मिळाला नाही, कारण राजाभाऊ एकदम ओरडला, "पिंजरा कुठाय?"

पिंजरा गॅलरीत होता. मलमलीला रॉकेलचा वास येत होता, आणि मिरचीच्या पानांखालून हिरवे दाणे कुंडीतल्या मातीवर सांडले होते. एकही हलत नव्हता.

राजाभाऊ तिथेच खुर्चीत बसला. त्याने सांगितलं ते वृंदाने पहिल्यांदाच नीट ऐकलं. डास जसा डेंग्यू नेतो, तसा मावा मिरचीचा रोग नेतो. आजारी झाडाचा रस ओढला की सोंडेच्या टोकाला विषाणू चिकटतो, पुढच्या झाडाला सोंड टोचली की तिथे उतरतो, आणि शेत पिवळं पडतं. फवारा मारून मावा मरेपर्यंत तो टोचून मोकळा झालेला असतो. पोरीचं म्हणणं होतं, मिरचीभोवती मक्याच्या ओळी दाट लावा. मावा आधी मक्यावर उतरेल, तिथे सोंडा खुपसून बघेल आणि विषाणू तिथेच पुसून मग आत येईल. विष नाही, खर्च नाही, नुसती डोक्याची शेती. पण हे मोजून दाखवायचं तर आधी असा मावा हवा, ज्याच्या सोंडेला काहीच लागलेलं नाही. तो तिने पिढीमागून पिढी तपासून, विषाणू आढळेल तो बाजूला काढून, लेकरांसारखा वाढवला होता.

"आणि आता?" वृंदाने विचारलं.

"आता परत पहिल्यापासून. आणि फेलोशिप तेवढे दिवस थांबणार नाही."

तनया दुसऱ्या दिवशी सकाळी आली. चपलांना सोनीपतची माती होती. वृंदाने काही लपवलं नाही. खवा, मावा, गुजिया, धूर, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाली, "मार मला, पण बोल काहीतरी."

तनयाने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. तिचा चेहरा एकदम लहान झाला. मग ती म्हणाली, "आणि डबा?"

"फ्रीजमध्ये. तेही गारठून मेले असतील गं."

"फ्रीजमध्ये? पहिल्यापासून?"

"तूच म्हणालीस ना, गारव्यात!"

 तनयाने डबा काढला, एक बशी ऊब द्यायला दोन्ही तळहातांत धरली आणि ओट्याशी उभी राहिली. वृंदाने चहा टाकला, कारण अशा वेळी माणूस आणखी काय करणार? चहा उकळला. मग तनयाने पर्समधून बारीक ब्रश काढला, एका दाण्याला हलकेच डिवचलं, आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

"काकू," ती म्हणाली, "धूर फ्रीजच्या दारातून आत जात नाही ना?"

"कसा जाईल? रबर नवीन बसवलंय."

"बघा मग."

वृंदाने भिंगातून पाहिलं. दाणा कसला, चांगला नाकी-डोळी नीटस जीव होता. काचेसारखं हिरवं अंग, लाल डोळे, मिशा. तो डुलत डुलत उभा राहत होता. शेजारचाही. तिसऱ्याकडे बघताना मात्र ती ओरडलीच.

"अगं, हिच्या मागून काहीतरी बाहेर येतंय! त्याला... त्याला पाय आहेत!"

"बाळंत होतेय ती. अंडंबिंडं नाही, थेट पोर. इथल्या हवेत यांच्यात नर जवळजवळ नसतोच. आई एकटी पुरते, आणि होतात त्या सगळ्या मुलीच." तनया हसायला लागली. "एवढ्यावरून परत सगळा पिंजरा भरेल, काकू. जानेवारीची लावणी होते माझी!"

वृंदाने भिंग सोडलं नाही. थंडीत कुडकुडून उठलेली ती बया, कुणी पाणी विचारलं नाही, कुणी पाठ चोळली नाही, आणि उभ्याने मोकळी होत होती. ती पोरही लगेच पायांवर उभी राहिली आणि पानाला सोंड लावून जेवायला बसली. रोग नेणारी जात खरी. पण अशा जातीशी लढायला निघालेली ही मुनिरक्यातली पोरही काही कमी जिद्दीची नव्हती.

दाराची बेल वाजली. मिसेस भाटिया उंबऱ्याबाहेरच, नाकाला ओढणी लावून उभ्या होत्या. "वृंदा भाभी, वो कीड़े? मर गए ना सारे?"

"मर गए?" वृंदाचा ऊर भरून आला होता. "बधाई दो जी! लड़की हुई है!"

किसको, कब, कहाँ, मिसेस भाटियांनी काहीही विचारलं नाही. त्यांच्या तोंडून जन्माची सवय बाहेर पडली. "कोई बात नहीं जी. अगली बार लड़का हो जाएगा."

"नहीं होगा," वृंदा म्हणाली. "इनका काम उसके बिना ही चल जाता है."